कॉमन रोझ, क्रिमझन रोझ की कॉमन मॉर्मनची मादी? खात्रीने कसे ओळखावे?

परसबाग_कुडाळ

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यातील आमच्या घराच्या परसात कढीपत्ता, लिंबू आणि बेल ही झाडे आहेत आणि कुंपणावर ईश्वरीचा वेल, ज्याला काही जण सापसण म्हणतात, आपणहून चढला आहे. पाऊस ओसरू लागला की तेथे काळ्या रंगाची, शेपटी असलेली फुलपाखरे बरीच येतात. त्यांतील काहींचे फोटो मी येथे जोडत आहे.

पहिल्या फोटोतील फुलपाखरू घाणेरीच्या फुलांवर बसलेले आहे. त्याच्या मागच्या पंखांच्या मध्यभागी पांढरे डाग आहेत आणि कडेने लालसर चंद्रकोरी आहेत. दुसऱ्या फोटोत पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आहेत, तर मागच्या पंखांवर पांढरे काहीच नसून लाल ठिपक्यांच्या रांगा आहेत. तिसऱ्या फोटोतील फुलपाखरू पंखांवरून पहिल्यासारखेच वाटते, परंतु ते कढीपत्त्याच्या कोवळ्या पालवीभोवती घिरट्या घालत होते आणि नेमके त्याचे धड पानाआड गेले आहे. चौथा फोटो आमच्याकडचा नसून गोव्यातील मोले येथील जंगलातला आहे. त्यातील पांढरा डाग इतरांपेक्षा बराच मोठा दिसतो.

मी उपलब्ध चित्रांशी पंखांची नक्षी ताडून पाहिली. पहिल्या आणि तिसऱ्या फोटोला कॉमन रोझ हे नाव लागू पडते आणि कॉमन मॉर्मनची मादी हेही लागू पडते. दुसऱ्या फोटोबाबत तसाच प्रश्न क्रिमझन रोझच्या संदर्भात आहे. नक्षीपेक्षा अधिक भरवशाची खूण कोणती, आणि अंडी किंवा अळ्या सापडल्या तर त्यांवरून निर्णय करता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सह्यवाट

नमस्कार. आपण फोटोंचे वर्णन काळजीपूर्वक केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. या फुलपाखरांच्या बाबतीत पाहणी पंखांपासून सुरू न करता धडापासून सुरू करावी, असे मी आग्रहाने सांगेन. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या दोन्ही जातींचे डोके आणि पोट लाल असते. कॉमन मॉर्मनच्या मादीचे धड, तिने पंखांवर कितीही हुबेहूब नक्षी धारण केलेली असली, तरी काळेच राहते. डोक्यावर आणि छातीवर तिला बारीक पांढरे ठिपके असतात, पण लाल रंग मात्र नसतो.

यात एक बारकावा आहे आणि पुष्कळ चुकीच्या नोंदी तेथेच होतात. रोझ फुलपाखरांची छाती वरून पाहिल्यास काळी दिसते, आणि कॉमन रोझच्या पोटाचा वरचा भागही बराचसा काळा असतो. पंख पसरून बसलेल्या कॉमन रोझचा फोटो थेट वरून काढला, तर घाईत पाहणाऱ्याला धड काळे आहे असे वाटते आणि त्याला मॉर्मन ठरवले जाते. म्हणून छातीकडे लक्ष न देता डोके, मान, पोटाच्या बाजू आणि पोटाचे टोक पाहावे. हे भाग लाल असतील तर ते रोझ. शक्य असेल तेव्हा फोटो बाजूने काढावा. फुलातील रस पिताना पंख वर मिटत आले की पोट चांगले दिसते.

हा फरक का पडतो, हे समजून घेतल्यास तो विसरला जात नाही. रोझ फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातील वेलींवर वाढतात. या वनस्पतींतील ॲरिस्टोलोकिक आम्ले अळीच्या शरीरात साठतात आणि ती फुलपाखरात उतरतात. त्यामुळे पक्ष्यांना ही फुलपाखरे रुचत नाहीत, आणि त्यांचा लाल-काळा पेहराव ही त्याची जाहिरात असते. त्यांचे शरीरही चिवट असते. एखाद्या पक्ष्याने पकडून सोडले तरी ती पुष्कळदा जगतात. कॉमन मॉर्मनची अळी मात्र लिंबू, कढीपत्ता, बेल अशा झाडांवर वाढते आणि तिच्यात असे विष साठत नाही. तिची मादी विषारी फुलपाखराचे रूप घेऊन पक्ष्यांपासून बचाव करते. निरुपद्रवी प्राण्याने घातक प्राण्याचे रूप घेण्याचा हा प्रकार हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून १८६२ साली मांडला. आपल्या परसातील ही मादी म्हणजे त्याचे अतिशय स्वच्छ उदाहरण आहे.

कॉमन मॉर्मनच्या माद्या भारतात प्रामुख्याने तीन रूपांत आढळतात. 'सायरस' हे रूप नरासारखे दिसते, 'स्टिकियस' कॉमन रोझसारखे आणि 'रोम्युलस' क्रिमझन रोझसारखे. आता आपले फोटो घेऊ. पहिल्या फोटोत पोटाची बाजू आणि टोक स्पष्ट लाल आहे, तेव्हा तो कॉमन रोझ. दुसऱ्या फोटोत पुढच्या पंखांवरील पांढरे पट्टे पाहून क्रिमझन रोझ म्हणण्याचा मोह होईल, पण मोठे करून पाहिल्यास पोट आणि डोके पूर्ण काळे दिसते. ती रोम्युलस रूपातील कॉमन मॉर्मनची मादी आहे. तिसऱ्या फोटोवरून मी निर्णय देणार नाही, कारण निर्णायक भागच झाकला गेला आहे. चौथा फोटो वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो; त्यावर गोव्याकडील सदस्यांनी लिहावे.

ठिपकेदार

धडाची खूण योग्यच आहे. त्याशिवाय मी लाल रंगाच्या तेजाकडे पाहतो. मागच्या पंखावरील लाल ठिपके भडक असतील तर क्रिमझन रोझ आणि फिकट, विटकरी असतील तर मॉर्मनची मादी. रोम्युलस रूप मूळ क्रिमझन रोझच्या मानाने मंद दिसते, हे अनेकांनी नोंदवले आहे. धड दिसत नसेल तेव्हा या खुणेचा उपयोग का करू नये?

नोंदवही

आपले निरीक्षण खरे आहे, परंतु त्यावरून काढलेल्या नियमाशी मी सहमत नाही. रोम्युलस रूप क्रिमझन रोझइतके तेजस्वी नसते, आणि दोन ताजी फुलपाखरे शेजारी असतील तर फरक डोळ्यांत भरतो. प्रत्यक्षात आपल्यासमोर एकच फुलपाखरू असते, आणि तेही किती दिवसांचे आहे हे आपल्याला ठाऊक नसते. पंखांवरील खवले जसजसे झडतात तसतसा रंग उतरतो. जुना क्रिमझन रोझ हा ताज्या रोम्युलस मादीपेक्षा फिकट दिसू शकतो. शिवाय दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत लाल रंग पांढुरका पडतो आणि सावलीतल्या फोटोत तो अधिक गडद येतो. कॅमेऱ्यावर इतके अवलंबून असलेले लक्षण जात ठरवण्यासाठी वापरू नये, त्याचा उपयोग केवळ शंका उपस्थित होण्यापुरता करावा.

मागच्या पंखावरील पांढऱ्या डागांची संख्या आणि आकार यांबाबतही तेच म्हणावे लागेल. कॉमन रोझमध्ये हे डाग व्यक्तीगणिक बदलतात आणि स्टिकियस मादीतही बदलतात. शेपटीचा आकार दोहोंत टोकाला रुंद असतो, म्हणून तिचाही उपयोग नाही.

सह्यवाट यांनी सायरस रूपाचा उल्लेख केला आहे, त्याविषयी थोडे लिहितो, कारण ते दुर्लक्षित राहते. कॉमन मॉर्मनचा नर काळा असून त्याच्या मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा असतो आणि पुढच्या पंखाच्या कडेने बारीक पांढरे ठिपके असतात. सायरस मादी जवळजवळ तशीच असते, मात्र तिच्या मागच्या पंखाच्या कडेला लाल चंद्रकोरी ठळक असतात. हे रूप इतर दोन रूपांपेक्षा विरळ आहे. शिमल्याच्या आसपासच्या डोंगरांत मात्र ते सर्रास आढळते, आणि तेथे रोझ फुलपाखरे आढळत नाहीत हे त्यामागचे कारण मानले जाते. ज्याची नक्कल करायची तेच नसेल तर पक्ष्यांना त्या पेहरावाची भीती वाटण्याचे कारण उरत नाही. क्रिमझन रोझचा वावर मुख्यतः पश्चिम, दक्षिण आणि पूर्व भारतात आणि श्रीलंकेत आहे, आणि रोम्युलस मादीही त्याच पट्ट्यात भेटते. कोकणात दोन्ही रोझ असल्यामुळे आपल्याकडे दोन्ही नकला एकाच परसात दिसतात.

परसबाग_कुडाळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या फोटोबाबत मला क्रिमझन रोझची जवळजवळ खात्री वाटत होती, आता पोटाकडे पाहिल्यावर शंका उरत नाही.

आणखी काही माहिती देतो. तिसऱ्या फोटोतील फुलपाखरू पालवीला पोट टेकवून जात होते. ते गेल्यावर मी ती डहाळी पाहिली, तेव्हा पानावर एक गोल, गुळगुळीत, फिकट पिवळे अंडे होते. तिकडे ईश्वरीच्या वेलावर तांबूस रंगाची अंडी आहेत आणि गडद, काळपट लाल रंगाच्या, अंगावर मांसल उंचवटे असलेल्या अळ्याही आहेत. त्यांतील काहींच्या अंगावर मध्यभागी एक पांढरा पट्टा आहे, काहींवर तो नाही. पट्टा नसलेल्या अळ्या वयाने लहान आहेत असे समजावे, की त्या वेगळ्या जातीच्या आहेत?

सह्यवाट

ही माहिती फोटोंपेक्षाही मोलाची आहे. तिसऱ्या फोटोचा निर्णय आता करता येतो. रोझ फुलपाखरांची मादी कढीपत्त्यावर अंडी घालत नाही, कारण तिच्या अळ्यांना ईश्वरीच्याच कुळातील वनस्पती लागतात. पोट टेकवून कढीपत्त्यावर अंडे घालणारी, रोझसारखी दिसणारी मादी ही कॉमन मॉर्मनचीच असणार, आणि आपण वर्णिलेल्या नक्षीनुसार ती स्टिकियस रूपातील आहे.

येथे एक सावधगिरी सांगतो. कढीपत्त्यावर नुसते पिवळट अंडे सापडले आणि मादी पाहिलेली नसेल, तर लगेच कॉमन मॉर्मन म्हणू नये. लाइम फुलपाखरूदेखील याच झाडांवर तशीच गोल अंडी घालते. आपले राज्य फुलपाखरू असलेले ब्लू मॉर्मनही याच कुळातील झाडे वापरते. या तिन्ही जातींच्या अळ्या लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्यावर हिरव्या होतात, त्यामुळे अळीवरूनही नवख्याची दिशाभूल होते. आपण मादीला अंडे घालताना पाहिले, म्हणूनच येथे खात्री देता येते.

ईश्वरीवरील अळ्यांबाबत आपला दुसरा तर्क बरोबर आहे. पूर्ण वाढलेल्या कॉमन रोझच्या अळीला शरीराच्या मध्यभागी पांढरा पट्टा असतो. क्रिमझन रोझच्या अळीला तो नसतो. एवढ्या एका खुणेवर प्रौढ फुलपाखराची वाट न पाहता दोन्ही जाती वेगळ्या करता येतात. फक्त अगदी लहान अळ्यांवर निर्णय घाई करून देऊ नये. एकाच वेलावर दोन्ही जातींच्या अळ्या वाढत असतील तर पाने भराभर संपतात, म्हणून तो वेल तण समजून कोणी काढून टाकणार नाही याची कृपया काळजी घ्यावी. परसात रोझ फुलपाखरे टिकणे सर्वस्वी त्या वेलावर अवलंबून आहे.

मांडवीकाठ_गोवा

मोले येथील चौथ्या फोटोविषयी लिहितो. मागच्या पंखाच्या मध्यभागी शिरांनी वेढलेला एक लांबट, बंद भाग असतो. अभ्यासक त्याला सेल म्हणतात. कॉमन रोझमध्ये सेलच्या टोकाशी लहानसा पांढरा डाग असतो किंवा तोही नसतो, आणि मुख्य पांढरे डाग सेलच्या बाहेर असतात. आपल्या फोटोत सेलचा मोठा भाग पांढरा आहे आणि बाहेरचे डाग त्याला चिकटून एकच मोठा पांढरा भाग तयार झाला आहे. पोट लाल आहे. हे मलबार रोझ आहे.

मलबार रोझ केवळ पश्चिम घाटात आढळते आणि त्याला गोव्यापासून दक्षिणेकडची सदाहरित जंगले मानवतात. त्याची अळी थोटिया सिलिक्वोसा या जंगलातील झुडपावर वाढते, जी ईश्वरीच्याच कुळातील वनस्पती आहे. गावाच्या परसात किंवा उघड्या माळावर ते भेटण्याची शक्यता फार कमी; कॉमन रोझ मात्र शहरातील बागेतही असते. याचा अर्थ असा की धडाची खूण रोझ आणि मॉर्मन यांना वेगळे करते, परंतु दोन रोझ एकमेकांपासून वेगळे करताना पुन्हा पंखांकडेच वळावे लागते. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात, तिळारीच्या परिसरात फिरणाऱ्यांनी कॉमन रोझचा प्रत्येक फोटो सेलच्या दृष्टीने तपासून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

जनुकवाचक

एक पूरक मुद्दा मांडतो, कारण अळ्या घरी वाढवून पाहणाऱ्यांना त्यावरून हमखास प्रश्न पडतो. कॉमन मॉर्मनच्या एकाच मादीच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रूपांच्या मुली निघू शकतात. मुलगे मात्र सगळे एकसारखे. त्यामुळे कढीपत्त्यावरून आणलेल्या अळ्यांतून एक नरासारखे आणि एक कॉमन रोझसारखे फुलपाखरू निघाले, तर आपण दोन जातींच्या अळ्या गोळा केल्या असे मानण्याचे कारण नाही.

या रूपांनी जुन्या अभ्यासकांनाही पेचात पाडले होते. लिनिअस यांनी १७५८ साली मादीला पॅपिलिओ पॉलिटिस हे नाव दिले आणि नराला पॅपिलिओ पॅमॉन असे वेगळे नाव दिले. मलाया द्वीपसमूहातील या कुळाच्या फुलपाखरांवर आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ साली जे लिहिले, त्यात एकाच जातीच्या माद्या अनेक रूपांत असण्याची आणि त्यामागे नक्कल असण्याची मांडणी आहे. पुढे श्रीलंकेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून पाहिलेल्या फुलपाखरांवरून हे रूप अनुवंशाने ठरते हे स्पष्ट झाले. ते कोणत्या जनुकामुळे ठरते, याचा उलगडा २०१४ साली झाला. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की पंखांवरील ही संपूर्ण नक्षी डबलसेक्स या एका जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्तींनी नियंत्रित होते. नर-मादीतील शारीरिक फरक घडवण्यात ज्या जनुकाचा वाटा असतो, तेच येथे नकलेसाठी वापरले गेले आहे. नक्कल फक्त मादीत का उमटते, हे समजण्याच्या दृष्टीने मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो.

परसबाग_कुडाळ

मलबार रोझविषयी मला काहीच कल्पना नव्हती; मोल्यातील माझे जुने फोटो मी आता सेलच्या दृष्टीने पुन्हा पाहतो. एकच शंका राहिली. फुलपाखरू केवळ उडताना दिसले, किंवा तिसऱ्या फोटोसारखे धड झाकलेले असून अंडे घालतानाही दिसले नाही, तर उडण्याच्या पद्धतीवरून काही ठरवता येते का? आणि अशी नोंद आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गनिरीक्षणे नोंदवण्याच्या संकेतस्थळावर कोणत्या नावाने करावी?

नोंदवही

उडण्यात फरक आहे, पण तो नीट वाचावा लागतो. रोझ फुलपाखरे संथ, फडफडत, बऱ्यापैकी एका उंचीवरून उडतात. त्यांना घाई नसते. कॉमन मॉर्मन वेगाने आणि वेडीवाकडी वळणे घेत जाते. मात्र रोझचे रूप घेतलेली मादी निवांत असताना संथपणेही उडते आणि दचकली की तिचा मूळ वेग प्रकट होतो. त्यामुळे संथ उडणारे फुलपाखरू पाहून रोझ असे ठामपणे म्हणता येत नाही. आपण जवळ गेल्यावर ते एकदम झेपावत वेगाने निघून गेले, तर मॉर्मनची शक्यता बळावते, इतकेच. संध्याकाळी क्रिमझन रोझ अनेकदा एकाच झुडपाच्या फांद्यांवर समूहाने मुक्कामाला बसतात. असा थवा सापडला तर जवळ जाऊन शांतपणे लाल पोट पाहण्याची ती उत्तम वेळ असते.

नोंदीबाबत माझे मत स्पष्ट आहे. धड दिसत नसेल, मादी अंडे घालताना दिसली नसेल आणि अळीही सापडली नसेल, तर जातीचे नाव लिहू नये. आयनॅचरलिस्टवर ओळख कुळाच्या पातळीवर थांबवता येते. तेथे पॅपिलिओनिडी एवढेच लिहावे आणि टिपणात 'कॉमन रोझ अथवा कॉमन मॉर्मनची मादी, धड दिसत नाही' असे नमूद करावे. अशी नोंद अपुरी वाटली तरी ती खरी असते. क्रिमझन रोझ म्हणून केलेली चुकीची नोंद मात्र पुढे त्या जातीच्या नकाशात जाऊन बसते आणि ती शोधून काढणे अवघड होते. आपल्या तिसऱ्या फोटोच्या बाबतीत अंड्याचा फोटो त्याच नोंदीला जोडावा आणि आपण काय पाहिले ते लिहावे, म्हणजे पडताळणी करणाऱ्यांना आधार मिळेल.

ईश्वरीवरील अळ्या कोषात जातील तेव्हा त्यांचेही फोटो जरूर टाकावेत. रोझ फुलपाखरांच्या कोषाला दोन्ही बाजूंना पानासारखे रुंद पसरट भाग असतात आणि रंग तपकिरी ते गुलाबीसर असतो. कॉमन मॉर्मनचा कोष हिरवा किंवा तपकिरी असून त्याला असे भाग नसतात. अळी कोषासाठी कधी कधी वेल सोडून कुंपणाच्या खांबावर किंवा भिंतीवर जाते, तेव्हा आसपासही शोधावे. पांढरा पट्टा असलेल्या आणि नसलेल्या अळ्यांचे कोष वेगवेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांच्याजवळ खुणेची चिठ्ठी लावून ठेवली, तर फुलपाखरे बाहेर पडल्यावर कोणता कोष कोणाचा होता हे नक्की सांगता येईल.